आधी मिसळ खा

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या कपाटात पेंटॅक्स के १००० कॅमेरा सापडला आणि तू त्याला पहिलं काम लावलंस ते कोल्हापूरच्या खाण्याचं, हे वाचून बरं वाटलं. मिसळीचा फोटो कुठल्या कोनातून काढायचा, असं विचारलंयस. सांगतो. पण आधी कॅमेरा बघ.

हा कॅमेरा १९७६ ला आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. त्याचं शटर सगळं यांत्रिक आहे, सेल नसला तरी चालतं. सेल लागतो तो फक्त आतल्या, उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलायला. एलआर ४४ म्हणून बटणाएवढा सेल असतो, घड्याळवाल्याकडे मिळेल. मीटर बंद करायचं बटण मात्र ह्या कॅमेऱ्याला दिलेलंच नाही. भिंग उघडं राहिलं की तो नुसता पडून असतानासुद्धा उजेड मोजत बसतो आणि सेल संपवतो. टोपण लावायची सवय कर. मग भिंगातून टॉर्च मारून बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या भिंगांना होतेच. मागचं दार उघडून खाचेतला काळा फोम नखानं दाबून बघ. डांबरासारखा चिकटला तर बदलून घे, नाहीतर त्या फटीतून उजेड आत शिरून फोटोवर पट्टे मारेल.

आता फिल्मचा रोळ भरायचा. इथं माझी फजिती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. तरुणपणी मी वारणेकाठच्या एका गुऱ्हाळावर पहाटेपासून दुपारपर्यंत फोटो काढले. रोळ छत्तीस फोटोंचा. छत्तीस झाले, सदतीस झाले, अडतीस झाले. वाटलं, आज रोळ लांब निघाला! घरी येऊन बघतो तर फिल्मची जीभ उजवीकडच्या रिळात अडकलीच नव्हती. दिवसभर मी रिकामा खटका ओढत होतो. म्हणून सांगतो, रोळ भरल्यावर डावीकडचा गुंडाळायचा नॉब हलकेच फिरवून फिल्म ताणून घे, आणि मग पुढच्या प्रत्येक खटक्याला तो नॉब आपोआप फिरतोय का बघ. फिरत नसेल तर तिथंच थांब. आठवड्यानं मी तिथल्या गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याला, खरं काय ते सांगायला गेलो. तो हसला, भाकरीवर गरम काकवी ओतली आणि म्हणाला, आज तरी पट्टी घातलीय न्हवं?

आता मिसळ. ५० मिमीचं भिंग असेल तर ते दीड फुटाच्या आत फोकस होत नाही. म्हणजे बाकड्यावर बसून समोरच्या ताटलीचा फोटो काढायचा तर तुला उठावं लागणार, मागं सरकावं लागणार, शेजारच्याच्या कोपराला धक्का लागणार. तोवर फरसाण भिजून मऊ पडलं, तर्री थंड झाली. हे कशासाठी? मिसळ खा. कट दुसऱ्यांदा माग, ब्रेडची स्लाइस त्यात बुडव, नाक पुसत लिंबू पिळ. खाऊन झाल्यावर, तोंड अजून पोळत असताना, कॅमेरा बाहेर काढ आणि कट ओतणाऱ्या माणसाकडं बघ. ताटलीचे फोटो फोनमध्ये ढिगानं आहेत. पातेल्यात वाकलेला तो खांदा, पळी उचलताना मनगट वळतं ते, हे फारसं कुणी काढत नाही.

बसायचं मात्र दाराकडं तोंड करून, आतल्या बाजूला. वाफ दिसते ती मागून उजेड आला तरच. पुढून उजेड पडला की ती भिंतीच्या रंगात विरून जाते. ४०० ची, म्हणजे कमी उजेडात चालणारी फिल्म घाल, कृष्णधवल. पिवळ्या बल्बखाली रंगीत फिल्म अख्खी हळदीची करून टाकते आणि मग तर्रीचा लाल कुठला, भिंतीचा पिवळा कुठला, कळत नाही. आमच्या वेळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ मिळायची. शंभर फुटांचा डबा आणायचा, काळ्या पिशवीत हात घालून अंदाजानं कापायची आणि जुन्या डबड्यांत भरायची. एका डब्यात अठराएक रोळ निघत. आता ती इंदू नाही आणि रोळ महाग आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतो, एक रोळ एकाच जागी संपव. पाच हॉटेलं हिंडून प्रत्येकी सात फोटो काढशील तर पाचही ठिकाणी पाहुणीच राहशील.

माझं ऐकशील तर तो पहिला रोळ गुऱ्हाळावर घाल. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या आधीपासून ह्या जिल्ह्याची थंडी काकवीच्या वासावरच ओळखू येते. पहाटे जा. घाण्यातून रस येतो, काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत पडतो, खाली चुलवाणात चिपाडं ढकलली जातात. भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते, ती काढत राहायचं. मग बराच वेळ नुसतं उकळणं. रंग उसाच्या हिरवट राखीतून तांबूस व्हायला लागतो, बुडबुडे जड होतात, आणि गुळव्या थंड पाण्याच्या भांड्यात थेंब टाकून गोळी बनते का बघतो. त्याच्या त्या बघण्यासाठी दोन-तीन तास थांबायचं. गोळी जमली की मग सगळी धावपळ: काहील उतरवली, वाफ्यात, म्हणजे पसरट हौदात ओतली, घोटली, साच्यात भरली. ह्या पाच-दहा मिनिटांसाठी रोळात निदान पंधरा फोटो शिल्लक हवेत. मी नेहमी आधीच्या शांत वेळात उधळून बसायचो.

तिथं मीटर तुला फसवेल. त्याला सगळं जग मध्यम राखी वाटतं. पांढरी वाफ दिसली की तो उजेड जास्त समजतो आणि गुळव्याचा चेहरा कोळसा होतो. वाफेसमोर एक ते दीड स्टॉप जास्त उघड; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. सोपं करायचं तर त्याच उजेडात स्वतःच्या हाताची पाठ भिंगासमोर धर, तिच्यावर काटा मधे आण आणि तेच ठेव. आपल्या कातडीचा रंग ह्या कामाला अगदी बेताचा आहे. आणि बाहेरच्या गारव्यातून आत शिरलीस की भिंग घामेजेल. ओढणीनं पुसू नकोस, दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू दे. वाफेबरोबर रसाचे बारीक थेंब उडतात, ते चिकटतात. म्हणून भिंगापुढं एक साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे काचेची चकती, लाव, तो धुता येतो.

रात्री गंगावेशला दूध कट्ट्यावर जाशीलच. म्हशीचं समोर काढलेलं फेसाळ दूध पेल्यातून पिताना ओठावर मिशी येते, त्याचा फोटो एकाच संधीचा. शटर १/३० सेकंदाच्या खाली गेलं की हात हलतो. कट्ट्याच्या कडेला कोपर टेकव, भिंग पूर्ण उघड, श्वास सोडून बटण दाब. म्हशीला फ्लॅश मारू नकोस, गवळी ऐकवेल आणि बरोबर ऐकवेल.

घरी परतताना खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाशी जरा थांब. आनंदराव पेंटर १९१६ ला गेले, त्यांच्या मागं त्यांचे चुलतभाऊ बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. तुला फक्त नॉब फिरतोय का बघायचंय.

रोळ धुवायला कुरियरनं लांब पाठवू नकोस. माझ्याकडं टाकी आहे, डी-७६ हे फिल्म धुवायचं रसायन आहे. त्याला पाणी वीस अंशांचं लागतं. एप्रिलात मी बाहेरच्या घमेल्यात बर्फ ठेवून बसतो, सध्या थंडीत पहाटेचं पाणी तसंच चालतं. एचपी ५ फिल्म असेल तर साडेसात मिनिटं, दर मिनिटाला टाकी उलटीपालटी करायची, मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन. अंधारात रिळावर फिल्म चढवायची सवय नसेल तर एखादा वाया गेलेला रोळ घेऊन डोळे मिटून चढवत बस.

रविवारी सकाळी सातला ये. तुझ्या आईला चार भाकऱ्या करून द्यायला सांग. काकवीची बरणी भरून ठेवलीय.

तुझा,
काका