२०११-१२ ची डिझेल बीएमडब्ल्यू ५२०डी घ्यावी का?

घ्या, पण आधी इंजिन ऐका. त्या वर्षांच्या एन४७ इंजिनाची टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारी साखळी) मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. रात्रभर उभी गाडी सकाळी तुमच्यासमोर सुरू करायला लावा. बोनेट आधीच कोमट लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशी या. डॅशबोर्डच्या बाजूने चेनची खरखर ऐकू आली, तर गाडी सोडा. चेन बदलायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं, आणि ती तुटली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. कूलंट विनाकारण कमी होत असेल तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) तपासा.

घेतल्यावर इंजिन ऑइल दर १०,००० किमीला बदला. झेडएफ कंपनीच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' असतं म्हणतात, त्यावर जाऊ नका. खुद्द झेडएफ ते ८०,००० ते १,२०,००० किमीला बदलायला सांगते. त्याचा फिल्टर गिअरबॉक्सखालच्या प्लास्टिकच्या पॅनमध्येच (ऑइलच्या भांड्यात) असतो, त्यामुळे पॅन नवाच घ्यावा लागतो. नवी बॅटरी बसवली तर ती स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये रजिस्टर करून घ्या, नाहीतर चार्जिंग जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने होत राहतं.

१० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर दिल्लीत घातलेल्या बंदीमुळे स्वस्तात निघालेली गाडी असेल, तर आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणि महाराष्ट्रातला रोड टॅक्स किमतीत धरूनच बोला.