ट्रकचं कूलंट रोज कमी होतं, खाली थेंब नाही, गाडी तापते. हेड गॅस्केट गेलं समजायचं का?

लगेच हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडू नका; गॅस्केट म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं सील. आधी थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट करून घ्या, कारण बारीक गळती गरम ब्लॉकवरच वाळते, जमिनीपर्यंत पोचतच नाही. नागपुरात वाडीला मोठ्या गाड्यांचं काम करतो, त्यात बरेचदा वॉटर पंपच निघतो. पंपाला एक छोटं भोक असतं. त्याखाली पांढरट किंवा कूलंटच्या रंगाची खपली जमली असेल तर सील गेलं. टेस्टरने कूलंटच्या कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरा आणि पंधराएक मिनिटं काटा बघा. काटा उतरला पण बाहेर कुठंच ओल नाही, तर गळती आतली.

डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर ऑइल कूलर, लायनर (पिस्टनभोवतीची नळी) किंवा गॅस्केट. गोडसर वासाचा पांढरा धूर असेल तर गॅस्केट, आणि बीएस-६ गाडीत ईजीआर कूलरही (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग). कूलंटच्या टाकीत बुडबुडे दिसले की मिस्त्री सरळ गॅस्केट सांगतात, तिथे थांबा. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर बहुतेक गाड्यांत याच कूलंटने थंड होतो, त्याचं हेड गळलं तरी हवा टाकीत येते. ब्रेकची हवा पूर्ण भरून कॉम्प्रेसर कटऑफ झाल्यावर बुडबुडे थांबले, तर आधी कॉम्प्रेसर उघडा; खर्च बराच कमी.

हे सगळं कूलंट कमी होत असेल तरच. लेव्हल जागेवर असून मे महिन्यात ४५ अंशांत नुसतीच तापत असेल, तर फॅन क्लच (पंखा इंजिनाला जोडणारा भाग), थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आणि रेडिएटरच्या जाळीतला कचरा बघा. गरम इंजिनाची कॅप मात्र उघडू नका.