किकच्या सरावात उभ्या पायाच्या गुडघ्याकडे कोण पाहते?

क्लासमध्ये शिकलेल्या किक घरच्या गच्चीवर मारताना गुडघ्याला इजा होऊ नये म्हणून आधी कोणते स्ट्रेचिंग करावे, असे आपण विचारले आहे. स्ट्रेचिंग करावेच, परंतु गुडघा वाचवण्याचे काम त्याच्याकडे सोपवू नये. आमच्या मुलीचा गुडघा गेला तेव्हा तिच्या तायक्वांदोच्या सरांनीही ‘स्ट्रेचिंग कमी पडले’ एवढेच कारण सांगितले होते आणि ते मला आजही मान्य नाही.

बेल्ट परीक्षा जवळ आली होती, हॉलमध्ये फोमच्या नव्या मॅट अंथरल्या होत्या आणि पावसाळी दमट हवेत अनवाणी तळवे त्यांना चिकटत होते. तिने उजव्या पायाने राउंडहाउस, म्हणजे बाजूने गोल फिरवत आणायची किक मारली. कंबर आणि मांडी फिरली, पण ज्या डाव्या पायावर ती उभी होती त्याचे पाऊल जागचे हलले नाही. तो सगळा पीळ मधल्या गुडघ्याने घेतला. बिजागरीसारखा पुढे-मागे हलणारा हा सांधा सरळ असताना जवळजवळ फिरतच नाही. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला, सरांनी बर्फ लावून दोन दिवसांनी पाठवायला सांगितले, आणि एमआरआयमध्ये एसीएल हा गुडघ्यातील हाडे जोडणारा लिगामेंट फाटल्याचे व हाडांमधल्या गादीलाही इजा झाल्याचे दिसले. शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची फिजिओथेरपी यांत वर्ष गेले. ‘इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणाचा गुडघा गेला नाही,’ असे सर म्हणत. ज्यांचा जातो ती मुले क्लास सोडतात, मग ती यांना दिसणार कुठून?

म्हणून प्रथम उभा पाय पाहा. त्याचा गुडघा किंचित वाकलेला असावा आणि टाच उचलून चवड्यावर फिरत ती टाच लक्ष्याकडे यावी. साइड किकमध्ये, म्हणजे पाय बाजूला सरळ ढकलून मारायच्या किकमध्ये, तर पाय लक्ष्यावर लागण्यापूर्वीच ती वळलेली असावी. हे संथ गतीत जमत नसेल तर वेगात मुळीच जमणार नाही. उंची कमरेच्या सांध्यातून येते, त्यामुळे कमरेएवढी किक स्वच्छ बसेपर्यंत डोक्याच्या उंचीचा हट्ट धरू नये. किक मारणाऱ्या पायाचा धोका वेगळा आहे: समोर बॅग किंवा पॅड नसताना हवेत पूर्ण ताकदीने झटका दिला की शेवटी गुडघाच तो झटका अडवतो. हवेत मारताना जोर कमी ठेवावा आणि पाय लगेच आखडून घ्यावा.

गच्चीचा खरखरीत कोबा आणि रबरी तळव्याचे बूट ही जोडी मला सर्वांत वाईट वाटते, कारण पाऊल वळतच नाही. घरातील गुळगुळीत, पण घसरडी नसलेली फरशी बरी.

स्ट्रेचिंगचे म्हणाल तर आधी पाय झुलवणे आणि हळू किक पुरेशा आहेत. बसून ताणून धरण्याचे प्रकार सरावानंतर करावेत. मांडीच्या मागचे स्नायू आणि नितंब बळकट करावेत, आणि आरशासमोर एका पायावर अर्धे बसताना गुडघा आत झुकतो का, ते तपासावे. शिक्षा म्हणून करवून घेतली जाणारी बदकचाल, म्हणजे उकिडवे बसून चालणे, मात्र बंदच व्हायला हवी. बदकचालीने गुडघे तयार होतात हा सरांचा दावा मला कधीच पटला नाही.

मी डॉक्टर नाही, आणि प्रतिस्पर्ध्याचा पाय गुडघ्यावर बसला तर यातले काहीही उपयोगी पडणार नाही. किशोरवयीन मुलींमध्ये एसीएलच्या दुखापती मुलांपेक्षा अधिक आढळतात, हेही लक्षात घ्यावे. गुडघा काही तासांत सुजला, अडकला किंवा चालताना निसटू लागला, तर बर्फावर दिवस न काढता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पुढच्या वेळी क्लासला जाल तेव्हा उभ्या पायाचे पाऊल किती आणि केव्हा वळवायचे, हे आपल्या सरांना विचारा. त्यावरही ‘स्ट्रेचिंग वाढवा’ एवढेच उत्तर आले, तर क्लास बदला.