दोन इंजिनं एका शाफ्टवर बांधण्याआधी

वागळे इस्टेट, ठाणे
रविवार, सकाळ

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा तू टेबलावर ठेवून गेलेलं तुझ्या गो-कार्टचं ड्रॉइंग मी तीनदा पाहिलं. भंगारातून आणलेली १५० सीसीची दोन बाइक-इंजिनं, मधे एक शाफ्ट, दोन्हीकडून त्यावर चेन, आणि तिथून मागच्या अ‍ॅक्सलला एक स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक. कोपऱ्यात तू लिहिलंयस, १४ + १४ = २८ बीएचपी, म्हणजे अश्वशक्ती. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला तयार गो-कार्टचं किट न घेता असं काही करावंसं वाटणं, याचंच मला खूप अप्रूप वाटलं. म्हणूनच दोन वाक्यांत उत्तर न देता सविस्तर लिहितोय.

आधी त्या बेरजेबद्दल. ताकद दुप्पट झाली की वेगही दुप्पट होईल असं तुझ्या मनात असेल, तर ते काढून टाक. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. वरच्या वेगाला मुख्य अडथळा हवेचाच असतो, म्हणून ताकद दुप्पट केलीस तरी तो वेग साधारण १.२६ पटच होईल. सुटतानाचा जोर वाढेल हे खरं, पण दुसऱ्या इंजिनाचं वजनही तुलाच ओढायचंय. १९३५ साली इटलीत अल्फा रोमिओची 'बिमोतोरे' नावाची शर्यतीची गाडी बनली होती. आठ सिलिंडरचं एक इंजिन चालकाच्या पुढे, तसंच दुसरं मागे. सरळ रस्त्यावर ती भयंकर पळायची, पण टायर इतक्या झपाट्याने झिजायचे की शर्यतीतला सगळा फायदा टायर बदलण्यात जायचा. तुझ्या ड्रॉइंगमध्ये टायर, ब्रेक आणि मागचा अ‍ॅक्सल एका इंजिनाच्या हिशेबाचेच राहिलेत. ते आधी दुरुस्त कर.

आता मुख्य गोष्ट. तू दोन्ही इंजिनं बारकाईने काढलीस, अगदी फिन्ससकट. त्यांच्यामधला जोड मात्र एका रेघेत उरकलास. मी चाळीस वर्षं जनरेटर सेटवर काम केलं, आणि दोन इंजिनं एकत्र आली की जे काही मोडतं ते त्या रेघेतच मोडतं. तिथे दोन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात. कुठलं इंजिन कधी धक्का देणार, आणि भार कोण किती उचलणार.

पहिल्या गोष्टीचं एक उदाहरण मी स्वतःच्या हाताने केलंय. तेव्हा मी तुझ्याहून चारेक वर्षांनी मोठा असेन. रबाळ्याच्या एका कारखान्यात ५०० केव्हीएचे दोन डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, एका बसबारवर, म्हणजे वीज एकत्र करणाऱ्या एकाच पट्टीवर घ्यायचे होते. एक चालू होता, दुसरा सुरू करून जोडायचा होता. पन्नास हर्ट्झसाठी दोघांचा वेग १५०० आरपीएम, व्होल्टेज सारखं, फेज सिक्वेन्स, म्हणजे तिन्ही फेजचा क्रम, तपासलेला. राहिला होता फक्त कोन, म्हणजे दोघांच्या विजेच्या लाटा एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत ते. तो दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळासारखा बारावर येईल तेव्हा ब्रेकर, म्हणजे जोडणारा स्विच, टाकायचा, तोही काटा अगदी सावकाश फिरत असताना. काटा जलद फिरत होता. मला घाई होती, मी तो दोनच्या आसपास असताना ब्रेकर टाकला. जो आवाज झाला तो अजून कानात आहे. विजेने दुसऱ्या सेटला एका क्षणात पहिल्याच्या तालावर खेचलं, आणि तो सगळा पीळ इंजिन आणि अल्टरनेटरमधल्या कपलिंगने खाल्ला. कपलिंगच्या रबरांच्या चिंध्या झाल्या. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, वाचला तो केवळ रबर आधी फाटलं म्हणून. आमचे फोरमन मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी सगळे तुकडे माझ्याकडून वेचून घेतले, आणि नवं कपलिंग बसवताना ते सरळ बसलंय का हे मोजणारा डायल गेज माझ्या हातात दिला.

हाच कोन तुझ्या दोन बाइक-इंजिनांतही आहे. सिंगल सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच ढकलतं, बाकी वेळ फ्लायव्हीलच्या, म्हणजे जड चाकाच्या, जिवावर फिरतं. अशी दोन सिलिंडरं एकाच क्रँकवर असतील, तर त्यांच्या क्रँकपिना, म्हणजे पिस्टनचे रॉड क्रँकला जिथे बसतात त्या पिना, एकमेकींशी कितीचा कोन करतात यावर सगळा स्वभाव ठरतो. दोन्ही पिस्टन बरोबरच वरखाली करवले, तर धक्के समान अंतराने येतात, पण हादरा एका मोठ्या सिंगलसारखाच राहतो. १८० अंशांवर ठेवले तर एक वर, एक खाली, तो मोठा हादरा मिटतो. पण मग इंजिन टोकापासून टोकापर्यंत डुलतं, आणि फायरिंग एकदा १८० अंशांनी, एकदा ५४० अंशांनी असं लंगडतं. रॉयल एन्फील्डच्या ६५० ट्विनमध्ये क्रँक २७० अंशांचा आहे. त्याचं कारण नीट समजून घे. क्रँक वरच्या टोकापासून पहिला पाव फेरा फिरतो तेव्हा पिस्टन अर्ध्या स्ट्रोकपेक्षा जास्त खाली येतो, कारण त्याच वेळी कनेक्टिंग रॉड तिरका होत असतो. पुढच्या पाव फेऱ्यात उरलेलं कमी अंतर. या असमान चालीमुळे प्रत्येक फेऱ्यात दोनदा येणारा एक बारीक हादरा तयार होतो. चार सिलिंडरच्या साध्या इन-लाइन इंजिनात चारही पिस्टनांचे हे हादरे एकाच वेळी एकाच दिशेने येतात, म्हणून ते झिणझिणतं. दोन पिना ९० अंशांनी सरकवल्या की हा दुहेरी हादरा एकमेकांच्या नेमका विरुद्ध येतो आणि मिटतो. जे उरतं त्यासाठी आत बॅलन्सर शाफ्ट आहेच. कोन निवडणं म्हणजे कुठला हादरा सोसायचा आणि कुठला मिटवायचा हे निवडणं.

तुझ्या ड्रॉइंगमध्ये हा कोन कुणी निवडलेलाच नाही. चेन क्लच आणि गिअरबॉक्सनंतर जोडलीय, त्यामुळे प्रत्येक वेळी क्लच घसरला की दोन इंजिनांमधला कोन बदलेल. कधी धक्के आलटून पालटून येतील, कधी दोन्ही एकदमच शाफ्टवर आदळतील. म्हणून शाफ्ट, शाफ्टला स्प्रॉकेट पक्कं धरणारी चावी, चेन हे सगळं दोन्ही धक्के एकत्र आले असं धरून काढ. सरासरी टॉर्कवर, म्हणजे फिरवणाऱ्या जोरावर, काढलेला शाफ्ट पिळवटेल.

या कोनाची माझी सर्वांत आवडती गोष्ट इंग्लंडमधली आहे. नेपिअर कंपनीचं 'डेल्टिक' इंजिन, दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या नौदलासाठी बनवलेलं. त्यात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन, समोरासमोर तोंड करून. त्यामुळे सिलिंडर हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत, हेड गॅस्केट फुटण्याचा प्रश्नच नाही. टू-स्ट्रोक डिझेल असल्यामुळे एक पिस्टन एग्झॉस्टची भोकं उघडतो, दुसरा ताज्या हवेची. एग्झॉस्ट थोडं आधी उघडायला हवं, म्हणून तो पिस्टन वीस अंश पुढे चालतो. एवढं जर्मनीच्या युंकर्सनी आधीच केलं होतं. नेपिअरनी असे तीन सिलिंडर त्रिकोणात मांडले आणि तिन्ही कोपऱ्यांत एकेक क्रँकशाफ्ट ठेवला. आता गंमत बघ. प्रत्येक क्रँकवर एका बाजूच्या सिलिंडरचा एग्झॉस्ट पिस्टन आणि दुसऱ्या बाजूचा हवेचा पिस्टन. हे वीस-वीस अंश त्रिकोणाभोवती मोजत गेलं की हिशेब जुळतच नाही, शेवटच्या कोपऱ्यात चुकतो. नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या हर्बर्ट पेनवर्डन नावाच्या ड्राफ्ट्समनने सुचवलं की तीनपैकी एक क्रँक उलटा फिरवा. हिशेब जुळला. अशा सहा थरांचं, अठरा सिलिंडर आणि छत्तीस पिस्टनचं इंजिन उभं राहिलं. तुला ड्रॉइंग बोर्डवर बसायचा कंटाळा येतो असं तू म्हणालीस, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. तो गुंता ड्रॉइंग बोर्डवरच्या माणसाने सोडवला.

समोरासमोरचे पिस्टन आपल्याकडेही होते, बरं का. चेन्नईजवळच्या आवडी इथे बनलेल्या विजयंता रणगाड्यात लेलँडचं एल-६० इंजिन होतं, सहा सिलिंडर आणि बारा पिस्टनचं.

डेल्टिकचं पुढचं पान तुझ्या कामाचं आहे. ब्रिटिश रेल्वेने १९६१ पासून बावीस लोको घेतले, प्रत्येकात १,६५० अश्वशक्तीची दोन डेल्टिक, मिळून ३,३००. ताशी १६० किलोमीटरने ते एक्स्प्रेस ओढायचे. पण ही दोन इंजिनं शाफ्टने जोडलेलीच नव्हती. प्रत्येकाचा जनरेटर वेगळा, आणि ती भेटायची फक्त विजेत. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर गाडी पुढे निघायची.

आता उलट बाजू. जर्मनीच्या हाइंकेल १७७ विमानात डेमलर-बेन्झची दोन व्ही-१२ इंजिनं शेजारी शेजारी ठेवून एकाच गिअरबॉक्सने एक पंखा फिरवला होता. पंखे कमी झाले, हवेचा अडथळा कमी झाला, कागदावर उत्तम. पण आतल्या बाजूच्या सिलिंडरांचे एग्झॉस्ट एकाच जागी कोंबले गेले, तळाशी तेल साचायचं, दुरुस्तीला हात घालायला जागा नव्हती. ती विमानं उडताना पेटायची. तिकडे इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइसचं 'व्हल्चर' होतं, चोवीस सिलिंडर इंग्रजी एक्सच्या आकारात, एका क्रँकपिनवर चार-चार कनेक्टिंग रॉड. बिग एंड, म्हणजे रॉडची क्रँककडची टोकं, जायची. अ‍ॅव्हरो मँचेस्टर विमानात अशी दोन इंजिनं होती. ती काढून तिथे चार साधी, पारखलेली मर्लिन बसवली, तेच पुढे लँकेस्टर म्हणून नावाजलं. मी असतो तर मीही चार मर्लिनच घेतली असती. अवघड मांडणीचा मला मोह आहे, पण जिथे पाना पोचत नाही ती मांडणी मला मान्य नाही. तुझ्या ड्रॉइंगमध्ये डाव्या इंजिनाचा स्पार्क प्लग काढायला अख्खं इंजिन उतरवावं लागेल. बघ एकदा.

दुसरी गोष्ट, भाराची वाटणी. आपल्या ठाण्यात १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून जी पहिली गाडी आली, तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती, चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे. आजही कर्जतहून बोरघाट चढताना १:३७ चा चढ आहे, म्हणून गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावतात. तिथे प्रत्येक इंजिनाची चाकं स्वतःच्या जिवावर रुळाला धरतात, आणि पुढचा-मागचा मेळ बसवणारी माणसं असतात. एका शाफ्टवर ही मोकळीक नसते.

महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरांमागे डीजी सेटच्या रांगा बघितल्यास ना? ते एकत्र भार कसा उचलतात हे शिकून घे. दोन्ही गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारी यंत्रं, जर हट्टाने नेमका पन्नास हर्ट्झ धरायला गेले आणि त्यांना एकमेकांची खबर नसेल, तर ते झगडतात. एकावर सगळा भार येतो, दुसरा वीज देण्याऐवजी घेऊन मोटरसारखा फिरू लागतो, मग रिव्हर्स पॉवर रिले त्याला बाहेर काढतो. म्हणून गव्हर्नरला मुद्दाम ड्रूप देतात. रिकामा असताना बावन्न हर्ट्झ, भरल्यावर पन्नास. भार आला की प्रत्येक जण थोडा वाकतो, आणि वाकण्यातूनच वाटणी होते. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी पॅनलसमोर बराच वेळ नुसता उभा होतो.

तुझ्याकडे गव्हर्नर नाहीत. म्हणून प्रत्येक इंजिन आणि शाफ्टच्या मधे एकेक वन-वे क्लच घाल. एखादं इंजिन मागे पडलं किंवा बंद पडलं, तर दुसऱ्याला त्याला ओढत न्यावं लागणार नाही. याची किंमत म्हणजे इंजिन ब्रेकिंग, म्हणजे पेडल सोडल्यावर इंजिनामुळे गाडी मंदावणं, जाईल, तेव्हा ब्रेकवर हात आखडू नकोस. गिअर बदलणं पहिल्या आवृत्तीत काढूनच टाक. दोन्ही गिअरबॉक्स एकाच गिअरमध्ये कायम ठेव, कारण एक दुसऱ्यात आणि दुसरा तिसऱ्यात गेला की दोघांचे वेग जुळणार नाहीत. पेडल एकच, पण दोन केबल थेट न बांधता मधे एक समतोल पट्टी दे, आणि कार्बोरेटर व्हॅक्यूम गेजवर जुळव, कानावर नको. किल स्विच एकाच बोटाने दोन्ही इंजिनं बंद करणारा हवा. चेनवर गार्ड. हे गार्डचं मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

आणि जोडण्याआधी दोन्ही इंजिनं वेगवेगळी मोज. तुमच्या लॅबमध्ये इंजिनाची ताकद मोजणारा दोरीचा ब्रेक डायनॅमोमीटर असेलच. भंगारातलं इंजिन चौदा देतं की नऊ, हे तुलाही माहीत नाही, मलाही नाही. एक नऊचं आणि एक तेराचं निघालं, तर आधी नऊवाल्याची रिंग आणि व्हॉल्व्ह बघायचे, शाफ्टचा विचार नंतर.

पुढच्या रविवारी दहाला शेडवर ये. डावं इंजिन, त्याचं स्प्रॉकेट आणि दोरीच्या ब्रेकचं रीडिंग घेऊन ये. उजवं तिथेच ठेव. डायल गेज माझ्याकडे आहे, तोच तेव्हाचा.

तुझा,
काका