रात्रपाळी कोणाची?

वाचकांची पत्रं, सिस्टरची उत्तरं

(सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, नाशिकच्या पंचवटीत राहणाऱ्या सिस्टर घरातली आजारपणं आणि त्यानंतरचे दिवस यांबद्दलच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सिस्टर, सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. मिस्टर अंबडला कंपनीत, शिफ्ट बदलती. दीर ठाण्याला, नणंद पुण्याला. नणंदबाई रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आईला बघतात आणि मग मला सांगतात, 'वहिनी, आईचे ओठ कोरडे दिसतायत', 'आज वेणी घातली नाही का?' परवा रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना मनात आलं, देवा, आता सोडव रे यांना. मग माझीच मला भीती वाटली. मी वाईट बाई आहे का?
— एक सून, इंदिरानगर

उत्तर : वाईट बाई रात्री तिसऱ्यांदा चादर बदलत नाही, सकाळपर्यंत तशीच राहू देते. तेव्हा तो प्रश्न इथेच मिटला. आता कामाचं बोलू.

आमच्या वॉर्डात एखादी सिस्टर पेशंटला कितीही जीव लावणारी असली, तरी तिला सकाळ, दुपार आणि रात्र अशी सलग ड्यूटी लावत नसत. तिच्या मायेवर विश्वास नव्हता म्हणून नाही. दमलेला हात चुकीची गोळी देतो, म्हणून. तुमच्या घरात मात्र तिन्ही पाळ्या एकाच बाईच्या नावावर, आठवड्याची सुट्टी नाही, आणि भेटायला येणारे वर म्हणतात, 'पुण्य पदरात पडतंय हो तुमच्या!' पडू दे पुण्य. पण रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार, ते आधी ठरवा.

एक साधी शंभर पानी वही घ्या. वेळ, खाल्लं काय, लघवी-शौच, औषध, कूस कधी बदलली, कातडी कशी दिसली, एवढंच लिहायचं. आम्ही पाळी सोपवताना असंच लिहून द्यायचो. महिन्याभराने दीर आणि नणंद यांना एका रविवारी बोलवा आणि वही मधे ठेवा. तुम्ही काही बोलायची गरज नाही, रात्री दोनची नोंद रोज कुणाच्या अक्षरात आहे ते त्यांना दिसेल. मग मागायचं ते नीट मागा. नणंदबाईंनी महिन्यातून चार-पाच दिवस प्रत्यक्ष येऊन राहायचं आणि त्या दिवसांत तुम्ही घरात थांबायचं नाही. माहेरी जा, नाहीतर बहिणीकडे जा. दिरांनी रात्रीच्या बाईचा पगार द्यायचा. घरी माणूस पुरवणाऱ्या ब्युरोकडून बाई घेतलीत तर तिच्या आधार कार्डाची प्रत ठेवून घ्या आणि पहिले दोन दिवस कूस कशी बदलते ते शेजारी उभं राहून बघा. मिस्टर फर्स्ट शिफ्टला असतील त्या आठवड्यात संध्याकाळी अंग पुसणं त्यांच्याकडे. 'आईचं अंग मुलाने कसं पुसायचं' असं म्हणतील. दवाखान्यात पुरुष पेशंटचं अंग आम्ही सिस्टर पुसायचो, तेव्हा कुणी विचारत नसे.

आणि कुणी 'सुनेचं कर्तव्य' काढलं, तर एक गोष्ट कानावर घालून ठेवते. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा जो कायदा २००७ साली झाला, त्यात जबाबदार धरलेल्या मुलांमध्ये मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत. सून नाही. कोर्टकचेरी करा असं मुळीच म्हणत नाही मी. फोनवर वेणीची चौकशी करणाऱ्याला एवढं ठाऊक असलेलं बरं.

थोडं कामातलंही सांगते. दर दोन तासांनी कूस, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच. एअर बेड असला तरी ते चुकत नाही. कूस बदलताना माकडहाड, खुबे, घोटे आणि टाचा बघत जा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. फिका पडून पुन्हा लाल झाला तर तूर्त ठीक. दाबूनही तसाच लाल राहिला तर ती जखमेची सुरुवात आहे, त्या अंगावर झोपवायचं नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं का ते हाताने बघायचं. तिथे चोळायचं नाही, पावडर थापायची नाही. भोकाची रबरी रिंग कुणी आणून दिली असेल तर माळ्यावर टाका, तिने कडेचं रक्त अडतं. भरवताना पाठ उभी हवी, घास डाव्या गालात ठेवायचा. पाण्याने ठसका लागत असेल तर दाटसर पेज द्या, ती जास्त सोपी जाते. जेवणानंतर अर्धा तास बसलेलंच ठेवा.

आणखी एक. उजवी बाजू जाऊन वाचा गेलेल्या माणसाला पुष्कळदा समजत असतं बरंच. त्यांच्या खाटेशेजारी बसून 'सुटल्या तर बरं' ही चर्चा पाहुण्यांना करू देऊ नका. तुमच्या मनात आलेलं मनात आलं, त्याची काळजी नको. पण हा विचार रोज यायला लागला, झोप उडाली, किंवा तो स्वतःबद्दलही यायला लागला, तर १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं.

प्रश्न : मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. पत्नीला स्मृतिभ्रंश आहे. रोज दिवेलागणीला ती पिशवी भरते आणि म्हणते, 'येवल्याला जाते, आई वाट बघत असेल.' सासूबाई जाऊन वीसेक वर्षं झाली. खरं सांगितलं की ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडते. आयुष्यात मी तिच्याशी खोटं बोललो नाही. आता बोलू का?
— एक वाचक, जेलरोड

उत्तर : भाऊ, रोज संध्याकाळी त्यांना नव्याने सुतकात बसवू नका. त्यांनी तुम्हाला मृत्यूची तारीख विचारलेली नाही. त्यांना आईची आठवण येते आहे, त्या आठवणीला उत्तर द्या. 'तुझ्या आईच्या हातचं काय आवडायचं गं तुला?' असं विचारा. यात खोटं काही नाही, आणि पिशवी खांद्यावरून खाली उतरते. येवल्याच्या आहेत, म्हणजे लहानपणी घरात माग असेल, धाग्याच्या कांड्या भरल्या असतील, तर लोकरीचा गुंता हातात द्या आणि गुंडा करायला सांगा. नाव विसरलेल्या माणसाचे हात पुष्कळ गोष्टी विसरत नाहीत.

संध्याकाळचीच ही घालमेल असते, या आजारात तसं होतं. अंधार पडायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा, टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवा. तुमच्याकडून स्टेशन जवळ, तेव्हा त्यांच्या ब्लाउजच्या आतून तुमचा फोन नंबर लिहिलेली कापडाची पट्टी शिवून टाका आणि दाराची कडी वर, त्यांच्या नजरेच्या बाहेर बसवा. मात्र घरात दुसरं कुणी नसताना बाहेरून कुलूप घालून जाऊ नका.

दोन दिवसांत एकदम बिघडल्यासारखं वाटलं, भलतंसलतं दिसायला लागलं, तर 'आजार वाढला' म्हणून गप्प बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, नवीन सुरू झालेली एखादी गोळी, यांनीही तसं होतं आणि ते बरं करता येतं. थायरॉइड आणि बी-१२ तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचारा.

तुमच्या पत्रात मुलांचा उल्लेख नाही. आहेत की नाहीत, मला कळायला मार्ग नाही. असतील तर वरच्या पत्रातली वही तुम्हीही घाला. नसतील तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे, तिथे मदत विचारा. सकाळी तासभर शेजाऱ्यांना बसवून फिरायला जात जा. सत्तरीतल्या माणसाने एकट्याने रात्रंदिवस ड्यूटी केली की आधी तोच अंथरूण धरतो. हे मी पुष्कळ पाहिलंय.

प्रश्न : बाबांना कॅन्सर होता. ते म्हणाले, 'मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका, घरी न्या.' आम्ही नेलं. रात्री मी जागायचे, दिवसा आई. भाऊ अमेरिकेत, त्याने पैशाचं बघितलं. शेवटच्या रात्री बाबांच्या घशातून घरघर येत होती. ते गुदमरत होते का? दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना, तासभर. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, 'दादाची इच्छा राहिली. दवाखान्यातून काढून आणलं ना!' आता रोज रात्री अडीचला जाग येते.
— एक मुलगी, गंगापूर रोड

उत्तर : तुला एकेरीच म्हणते, माझ्या मुलीएवढी असशील.

आधी घरघर. शेवटच्या तासांत माणसाला घशातला स्राव गिळता येत नाही, खाकरून टाकता येत नाही. श्वास त्यातून ये-जा करतो आणि आवाज होतो. ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो. पण त्या अवस्थेत माणूस सहसा शुद्धीत नसतो, त्याला तुझ्याइतका त्रास होत नसतो. आम्ही अशा वेळी पेशंटला कुशीवर करायचो आणि ओठ ओल्या कापसाने पुसायचो. नळी घालून सारखं ओढत बसलं तर उलट टोचतं. तू काही करायचं ठेवलं नाहीस.

व्हेंटिलेटर श्वास देतो, कॅन्सर काढत नाही. शेवटच्या टप्प्यातला पेशंट त्यावर पुष्कळदा हात बांधलेला आणि गुंगीत असतो, आणि घरचे काचेबाहेर. बाबांनी नको म्हटलं ते शहाणपणाने म्हटलं. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलाय, आणि शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याची पद्धत २०२३ साली सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. आत्याबाईंना स्वतःसाठी दुसरं काही हवं असेल तर त्यांनी जरूर लिहून ठेवावं. दुसऱ्याच्या दहाव्याला बोलण्यापेक्षा ते बरं.

आता कावळा. मी पंचवटीत राहते, गोदाकाठ माझ्या रोजच्या वाटेवर आहे. दहाव्याला सकाळी एका वेळी किती घरांची पानं मांडलेली असतात, तू पाहिलंस. कावळ्यांची पोटं आधीच भरलेली. तुझ्या शेजारच्या पानाला शिवला असेल, त्यांच्या घरी काय सगळ्या इच्छा पुऱ्या झाल्या होत्या? आणि कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, ही सोय रिवाजातच आहे. कुणाच्या तरी आजीला कधीतरी असंच तासभर उन्हात ताटकळावं लागलं असेल, म्हणून केली असणार. गुरुजींना ती ठाऊक होती, आत्याबाईंनाही असणार.

रात्री अडीचचं म्हणशील, तर ती बाबांच्या गोळीची वेळ असणार. नाइट ड्यूटी संपली तरी अंगातून जायला वेळ घेते. जाग आली तर पडून राहू नकोस, उठून पाणी पी, आईच्या खोलीत डोकाव. तीही जागी असेल. दुपारी झोपू नकोस. भावाला सांग, त्याच्याकडे तेव्हा दिवस असतो, अडीचचा फोन त्याने करावा. पैशाची पाळी त्याने केली, आता ही करेल. दोन-तीन महिन्यांनीही झोप बसली नाही, जेवण जात नाही असं झालं, तर मात्र डॉक्टरांकडे जा, अंगावर काढू नकोस.

वेदनेवरच्या मॉर्फिनच्या गोळ्या उरल्या असतील तर त्या कपाटात ठेवू नकोस आणि कुणा गरजूला म्हणून देऊही नकोस. ज्या दवाखान्यातून मिळाल्या तिथेच परत करायच्या, आणि परत केल्याचं लिहून घ्यायचं.

(पत्रासोबत रिपोर्ट पाठवू नयेत. औषध बदलून देणं सिस्टरचं काम नाही. नाव छापायचं नसेल तर फक्त गाव किंवा भाग लिहावा.)