गवसणी, गवसणे आणि हरवलेली गाय

दर्यापूर तालुक्यातील एका तरुण वार्ताहराने दोन प्रश्न पाठवले आहेत. एका विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागाकडून त्याच्याकडे गुलाबी बोंडअळीवरील संशोधनाचा मजकूर छापण्यासाठी आला आणि त्याचा मथळा होता, 'संशोधकांची गगनाला गवसणी'. यातील 'गवसणी' हा शब्द 'गवसणे'वरून आला आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न. असा मजकूर ज्या कागदावर येतो ते 'प्रसिद्धिपत्रक' ऱ्हस्व लिहावे की दीर्घ, हा दुसरा.

दुसऱ्याचे उत्तर एका ओळीचे आहे. 'प्रसिद्धी' एकटी असताना दीर्घ, समासात पूर्वपदी आली की ऱ्हस्व. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ पासून आहेत, तरी विद्यापीठांच्या छापील कागदांवरच तो शब्द दीर्घ दिसतो.

आता गवसणी. गवसणी म्हणजे खोळ. आमच्या गावच्या भजनी मंडळाची वीणा ज्या लाल कापडी पिशवीत भिंतीला टांगलेली असते, आणि जिची नाडी दर एकादशीला कोणीतरी तोडतो, ती गवसणी. गगनाला गवसणी घालणे म्हणजे आभाळाला खोळ शिवू पाहणे, अर्थात आवाक्याबाहेरचे काही करू धजणे. या वाक्प्रचारात धाडस आहे, यशाची हमी मुळीच नाही. असे असताना दहावीच्या निकालापासून कुस्तीच्या दंगलीपर्यंत सगळीकडे 'यशाला गवसणी घातली' असे जे छापले जाते, त्याचा अर्थ यश पिशवीत घालून तोंड बांधले इतकाच होतो. काही मंडळी हिचे आणि 'गवसणे'चे एकच कूळ मानतात. मी मानत नाही, कारण शोधापासून खोळीपर्यंत जाणारी अर्थाची पायवाट मला दिसत नाही. केवळ ध्वनिसाम्यावर सोयरीक जुळवायची, तर 'कोश' आणि 'कोष्टी' यांनाही एका मांडवात बसवता येईल.

मात्र वार्ताहराने नकळत ज्या शब्दाला हात घातला, तो 'गवसणे' हा मराठीतला माझा सर्वांत लाडका शब्द आहे. संस्कृत 'गवेषण', प्राकृत 'गवेसण', आणि मराठी 'गवसणे'. गवेषणेत 'गो' आहे आणि 'एषणा' आहे; एषणा म्हणजे इच्छा, शोध. गवेषणा म्हणजे मुळात गाय शोधणे. बंगालीत संशोधनाला आजही 'गवेषणा' म्हणतात, म्हणजे कोलकात्याचा भौतिकशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जातो तो शब्दशः गाय धुंडायलाच जातो.

संस्कृतच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला यावर एकदा भर सभेत टोकले होते. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, दशमगणात 'गवेष मार्गणे' (गवेष म्हणजे शोधणे) असा स्वतंत्र धातू दिलेला आहे, तेव्हा त्यात गाय शोधणे ही निव्वळ कविकल्पना, असे त्यांचे म्हणणे होते. धातुपाठाविषयी मला आदर आहे. परंतु वैयाकरणांनी शब्दाला धातूचा दाखला दिला म्हणून त्याचा जन्म बदलत नाही. ऋग्वेदात 'गविष्टि' हा शब्द आहे, आणि त्यात गाईची इच्छा आणि गाईंसाठीची लढाई दोन्ही आहेत. ज्या समाजाचे सगळे धन चार पायांवर चालत होते, त्याला 'शोध' या कल्पनेसाठी हरवलेल्या गाईपेक्षा जवळचे काय सुचणार होते? प्राध्यापक महोदयांच्या घरी गोठा नव्हता, इतकेच मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो.

गोठ्याचा विषय निघालाच आहे, तर 'गोष्ठ' म्हणजे गाईंची उभी राहण्याची जागा, तिच्यापासून आपला 'गोठा', आणि गोष्ठावर जमणाऱ्यांची ती 'गोष्ठी', तिच्यापासून आपली 'गोष्ट'. 'वार्ता' या शब्दाचेही तेच. कौटिल्य अर्थशास्त्रात शेती, पशुपालन आणि व्यापार या तिन्हींना मिळून 'वार्ता' म्हणतो, कारण तो शब्द वृत्तीशी, म्हणजे उपजीविकेशी बांधलेला होता. दर्यापूरचा वार्ताहर सकाळी कपाशीला पाणी देऊन दुपारी बातमी पाठवत असेल, तर तो या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच दिवशी जगतो.

याहून मला मौज वाटते ती सरमेची. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०८ व्या सूक्तात पणी नावाच्या शत्रूंनी लपवलेल्या गाईंच्या मागावर इंद्राची दूती सरमा जाते, रसा नदी ओलांडते, गाई कुठे आहेत ते हेरते आणि पणींशी वाद घालते. परंपरा तिला कुत्री मानते. सरमा गाई हाकत आणत नाही. तिचे काम माग काढण्याचे आणि निरोप पोचवण्याचे. माझ्या मते पहिली गवेषक तीच आणि पहिली वार्ताहरही तीच, आणि संशोधन व बातमी हे एकाच प्राण्याचे काम होते असे मानायला मला तरी अडचण वाटत नाही. ही माझी उपपत्ती कोणत्याही कोशात नाही, आणि कोशकारांना ती पटण्याची मी वाटही पाहत नाही.

या गाईमुळे विद्यापीठाच्या मजकुरातील दुसरा दोषही दिसतो. त्यात 'शोध लावला' असे चार वेळा आहे. मराठीत शोध घेतात, शोध लागतो आणि शोध लावतात, आणि या तीन क्रियापदांमध्ये कधीकधी वीस वर्षांचे अंतर असते. आमच्याकडचा गायकी, म्हणजे गुराखी, संध्याकाळी एक गाय कमी घेऊन परतला आणि मालकाने दारातच विचारले, तर तो म्हणतो, "गाय नाही गवसली जी, नाल्याकडे खुरं दिसले." तो खुरांना गाय म्हणत नाही, कारण सकाळी दूध काढायला मालकच बसणार असतो.

प्रसिद्धिपत्रकाला ती भीती नसते. ब्रिटनमधील २० विद्यापीठांनी २०११ साली काढलेल्या आरोग्यविषयक ४६२ पत्रकांची मूळ शोधनिबंधांशी ताडणी करणारा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात ४० टक्के पत्रकांमध्ये वाचकाला दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा फुगवलेला निघाला. प्राण्यांवरच्या प्रयोगावरून माणसांविषयी काढलेला निष्कर्ष ३६ टक्के पत्रकांत फुगलेला होता. बातम्यांतली अतिशयोक्ती बहुतांशी पत्रकांतूनच आलेली होती, म्हणजे ज्या वार्ताहराला आपण शिव्या देतो, त्याच्या हाती खुरांचीच गाय करून दिलेली असते. अमेरिकेतील युटा विद्यापीठाने तर २३ मार्च १९८९ रोजी पत्रकार परिषद घेऊन फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी साध्या तापमानाला अणुसंमीलन, म्हणजे अणुकेंद्रे जोडून ऊर्जा मिळवणे, घडवल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांचा निबंध अजून छापूनही आला नव्हता. पुढे इतर प्रयोगशाळांना ती गाय काही गवसली नाही.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. २०१७ च्या हंगामात बोंडअळीने विदर्भातील कपाशी नासवली, त्यानंतर अळीवरच्या प्रत्येक बातमीकडे लोक डोळे लावून असत. अशाच एका बातमीचे कात्रण सदऱ्याच्या खिशात चौघडी करून ठेवलेला एक शेतकरी मी कृषी सेवा केंद्राच्या फळीपाशी पाहिला. "हे औषध द्या जी," एवढेच तो म्हणत होता. कात्रणावर 'अळीवर रामबाण उपायाचा शोध लावला' असा मथळा होता. काचेच्या बशीत ठेवलेल्या अळ्यांवर ही चाचणी झाली असून शेतातील चाचण्या व्हायच्या आहेत, हे वाक्य शेवटच्या परिच्छेदात होते आणि घडीवर घडी पडून पुसट झाले होते. दुकानदाराने त्याला भलतेच काहीतरी दिले.

तेव्हा दर्यापूरच्या वार्ताहराने तो मथळा काढून 'प्रयोगशाळेतील चाचणीत अळ्या मेल्या. शेतातील चाचण्या बाकी' असा द्यावा, 'शोध लावला' चारही ठिकाणी खोडून 'दिसून आले' लिहावे, आणि विद्यापीठाला कागद परत पाठवताना त्यावरचा 'द्धी' ऱ्हस्व करून पाठवावा.