इंट्रॉनमधलं पाचवं अक्षर

परभणी

चि. लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही चाळली. अक्षर झकास आहे. पण आरएनएच्या, म्हणजे डीएनएवरून उतरणाऱ्या प्रतीच्या, पानावर तू टोपी (सुरुवातीच्या टोकावरचं झाकण), कापजोड (मधले इंट्रॉन नावाचे तुकडे कापून उरलेले सांधणं), शेपूट (शेवटच्या टोकाला जोडलेली अक्षरं) असे तीन चौकोन काढून मधे बाण ओढलेत. मार्क मिळतील त्याला. पेशीत मात्र असं रांगेत काही होत नाही. पॉलिमरेज, म्हणजे आरएनए उतरवणारं यंत्र, डीएनएवरून पुढं सरकतच असतं, आणि मागं निघालेलं टोक वीस-तीस अक्षरांचं झालं की त्यावर टोपी चढते. पुष्कळ इंट्रॉनही आरएनए पुरता उतरायच्या आधीच कापले जातात. स्नायूंतल्या डिस्ट्रोफिन या प्रथिनाचं जनुक बघ: बावीस लाखांच्या आसपास अक्षरं, एकदा उतरवायला सुमारे 16 तास. तोवर कोण थांबणार?

पूर्वी मी वर्गात कापजोडीला जिनिंगचं उदाहरण द्यायचो, सरकी बाजूला, रुई बाजूला. आता देत नाही. जिनिंगच्या यंत्राला काही वाचावं लागत नाही, इथं अक्षर अन् अक्षर वाचावं लागतं. इंट्रॉनची सुरुवात कुठं, हे यू-वन नावाचा छोटा आरएनए स्वतःची अक्षरं तिथं जुळवून ओळखतो.

'इंट्रॉन म्हणजे कचरा' हे वाक्य मी लाल पेनानं खोडलंय. हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात इंट्रॉन दोनच, पहिला 130 अक्षरांचा. त्यातल्या पाचव्या जागी जी या अक्षराऐवजी सी आला, की यू-वनची पकड ढिली पडते आणि काप आजूबाजूच्या भलत्याच जागी बसतो. धड आरएनए फार थोडा उरतो. भारतातल्या बीटा थॅलेसेमियात, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजारात, सगळ्यात जास्त सापडणारा बदल हाच. प्रथिनाचं एक अक्षर बदललेलं नसतं, बदल असतो त्या 'कचऱ्यात'. तो आई-बाप दोघांकडून आला, तर बहुतेक लेकरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. थॅलेसेमियाच्या वॉर्डात एकदा जाऊन ये, मग हे पान पुन्हा लिही.

केंद्रकाबाहेर जाण्याचं तू बरं लिहिलंस. एवढंच जोड: जिथं सांधा बसतो, त्याच्या वीस-चोवीस अक्षरं अलीकडं प्रथिनांचा एक गठ्ठा चिकटतो आणि आरएनएबरोबर केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर पडतो. बाहेर प्रथिन बनवणारा रायबोसोम थांब्याच्या खुणेशी आला आणि पुढं असा गठ्ठा अजून शिल्लक दिसला, तर तो आरएनए सहसा मोडीत निघतो. शिक्का आत बसतो, तपासणी बाहेर होते.

1977 साल, इंट्रॉन शोधणारे शार्प आणि रॉबर्ट्स, हे तुला पाठ आहेच. त्यावर वेळ घालवू नकोस.

त्यापेक्षा बीटा ग्लोबिनचा डीएनए क्रम नेटवरून उतरवून छापून घे. इंट्रॉन सहसा जीटीनं सुरू होतो आणि एजीनं संपतो, म्हणून पेन्सिल घेऊन प्रत्येक जीटी आणि एजीला गोल कर. ढिगानं सापडतील. त्यातले कापायचे खरे चारच. उरलेल्यांकडं पेशी ढुंकूनही का बघत नाही, ते तुझ्या शब्दांत लिही आणि दिवाळीला येशील तेव्हा तो कागद घेऊन ये. गोल केलेलाच आण, नवा छापू नकोस.

तुझे
सर